दांडी सोडली तेव्हा

चिमणे,

भाजी गरम करून घे. मी काइटसर्फिंगच्या, त्या मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी पळवायच्या, शिकवणीला चालले आहे. गुडघा सुजलाय म्हणून ओरडू नकोस.

काल पतंगात वारा भरला आणि मी घाबरून त्याच्या दोऱ्यांची दांडी गच्च ओढून धरली, तसं त्याने मला पाण्यातून फरफटत नेलं. मास्तरीणबाई ओरडल्या, "काकू, सोडा! ओढाल तेवढा तो चेकाळतो!" सोडली, तर खरंच गं, एवढं धूड क्षणात गरीब गाय झालं. पुढच्या खेपेला मी फळीवर उभी राहिले, जेमतेम चार श्वास. पायाखालून अख्खा समुद्र पळत होता! अजून अंगावर काटा येतोय.

तुझ्या परदेशातल्या नोकरीवरून परवा जे बोलले, ते विसर. माळ्यावरची मोठी बॅग पुसून तुझ्या पलंगावर ठेवली आहे.

आई