पाचव्या पंचाची खुर्ची

काळाचौकी,
४ ऑगस्ट २०२२

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कुरकुरतोय, म्हणून कागदावरच वाकते. वहिनीचा खोकला गेला का? तू पाठवलेली आंब्याची साटं पोचली. अर्धी श्रेयाने येता-जाता संपवली, उरलेली मी तिच्यापासून लपवली आणि आता मलाच सापडत नाहीत.

फोन असताना पत्र कशाला, असं वहिनी विचारेल. तुला ऐकू जावं म्हणून मी फोनवर ओरडले, की आमच्या अख्ख्या मजल्याला आपल्या घरच्या गोष्टी कळतात. मागे तुझ्या मूळव्याधीची चौकशी केली, तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या घरांतून औषधं यायला लागली. या खेपेला जे सांगायचंय ते मजल्याला कळायला नकोय. ते शेवटी सांगते. आधी मंडळाची गंमत ऐक.

कोरोनामुळे दोन वर्षं साधाच गणपती बसवला, त्यामुळे यंदा पोरांना देखाव्याचा भारी हुरूप. विषय काढलाय लढाईचा. एक मोठा देश शेजारच्या छोट्या देशात रणगाडे घेऊन घुसतो, तर बाकीच्या देशांनी काय करावं? नावं घ्यायची नाहीत असं ठरलं. पण रोज टीव्हीवर युक्रेन बघून बघून बालवाडीतल्या पोरालासुद्धा कळेल.

आता परदेशी पुढारी आणायचे कुठून? मागे ‘गावचा न्याय’ असा देखावा केला होता, आठवतो? त्यातले पाच पंच गोदामात पोत्यांत गुंडाळून पडले होते. त्यांचे फेटे उतरवले, मिशा काढल्या, चाळीतल्या पुरुषांचे लग्नातले कोट त्यांच्या अंगात घातले आणि खुर्च्यांवर बसवले. झाले पाच देश! पाचव्याच्या अंगात आमच्या यांचा कोट आहे. हे गेल्यापासून इतकी वर्षं कपाटात लटकून काय करत होता? निदान मंडळाच्या तरी उपयोगी पडला.

पण एक घोटाळा झाला. त्या पंचांच्या मानेत आमच्या वायरमन हितेंद्रने तेव्हा गाडीच्या वायपरची मोटर बसवली होती. फिर्याद सुरू झाली की पंच मान डोलवायचे. ती जुनी वायर त्याने या वेळी रणगाड्याच्या बटणाला जोडली. चाचणीला बटण दाबलं, रणगाडा सरकला, छोट्या देशातलं घर कोसळलं, आणि पाचही देश एका तालात माना डोलवायला लागले. हो हो, बरोबर, बरोबर! आम्ही हसून हसून खाली बसलो.

बुधाजीकाका आमचे अध्यक्ष. ते म्हणाले, “ऱ्हवांदे तसाच. खरा ताच आसा.”

आणि तिथून जी सभा पेटली! मंडळातला राजेश म्हणाला, “मार खाणाऱ्याला हत्यारं द्या ना यार, नुसती भाषणं काय करायची?” शेजारच्या चाळीतले राजरत्न मास्तर म्हणाले, “आधी चूक आहे त्याला तोंडाने चूक म्हणा. घुसणाऱ्याशी धंदा बंद करा. आणि जे घरदार सोडून निघालेत त्यांना पहिलं दार उघडा.” त्यावर बुधाजीकाका, “धंदो बंद केल्यार तेल कोण देतलो? तुझो बापूस?” मास्तरांचे वडील गिरणीत होते, तेलाचा आणि त्यांचा काय संबंध, यावरही थोडा वेळ वाद झाला.

मी चहाचे कप गोळा करायला गेले होते. पण माझं तोंड तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, “एकाने दुसऱ्याच्या खोलीत घुसून त्याची चूल बाहेर फेकली, तर बाकीची चाळ गॅलरीत उभी राहून माना डोलवणार काय? पाचातला एक तरी उठायला हवा की नको?”

टाळ्या पडल्या, दादा. बुधाजीकाकांनीसुद्धा वाजवल्या, हळूच. लगेच ठरलं की पाचवा पंच उठून जाणार. बसकी मूर्ती, तिला पाय कुठले? हितेंद्रने पाइपचे पाय लावून त्याला पलीकडच्या बाजूला, सरहद्दीच्या फाटकाशी उभा केला. एका हाताने फाटक उघडं धरलंय, दुसऱ्या हातावर घोंगडी. इकडे त्याची खुर्ची रिकामी. आणि देखाव्याला आवाज माझाच. “सुभद्रावहिनींना माईक नसला तरी चालतो,” म्हणे. रेकॉर्डिंगसुद्धा झालं. मी असा काही गळा काढलाय की ऐकशील तर ओळखणार नाहीस.

आता ते शेवटचं.

त्या सभेत श्रेया मागे उभी होती. इस्पितळातून ड्युटी संपवून थेट आली होती. त्यानंतर दोन-चार दिवस मोबाईलवर काहीतरी शोधत होती. काल जेवताना म्हणाली, “आई, मी नाव दिलंय.” एक संस्था आहे, ती पोलंडला नर्सेस पाठवतेय, सरहद्दीजवळच्या छावणीत, जिथे ती घर सोडलेली माणसं येतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. तीन महिने.

मी नाही म्हटलं. ती उठली आणि भांडी घासायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही.

म्हणून यंदा मी गावच्या गणपतीला येत नाही. तूच ये. घरचा पाच दिवसांचा गणपती पोचवलास की लगेच बस पकड. लहानपणापासून ती मामाचं ऐकते. देखावा वेगळा आणि घर वेगळं, हे तिला समजावून सांग. तिला नको म्हण, दादा. माझ्यासाठी एवढं कर.

तुझी,
सुभद्रा

*

काळाचौकी,
२ सप्टेंबर २०२२

प्रिय दादा,

खालच्या मजल्यावरची रुपाली उद्या आपल्या गावाकडेच माहेरी निघालीय, तिच्याबरोबर हे पत्र देते. तू बसमध्ये चढायच्या आत तुला मिळायला हवं.

गणपती थाटात बसलाय. देखाव्याला ही रांग! पण लोक रिकामी खुर्ची बघतात आणि म्हणतात, “हा पळाला वाटतं!” पडक्या घरामागे उभा असलेला पाचवा कुणाला दिसतच नाही. मग मी हातात छडी घेऊन उभी राहते आणि ओरडते, “पळाला नाही हो, तिकडे बघा, फाटकाशी!” काल बुधाजीकाकाच पाहुण्यांना सांगत होते, “ह्यो आमचो पाचवो. ह्येका आमी उठवलो.” आम्ही म्हणे! सणासुदीचं माणसाला थोडं श्रेय घेऊ द्यावं.

आता कालची गोष्ट. मी काळ्या वाटाण्याची उसळ करत होते आणि श्रेया पलंगावर बॅग भरत होती. मी ठरवलं, आज शांतपणे बोलायचं.

म्हटलं, “एवढ्या मोठ्या जगात तिथे जायला दुसरी नर्स नाही का?”

तेवढ्यात खाली देखाव्याचा नवा खेळ सुरू झाला. खिडकीसमोरच्याच खांबावर कर्णा. त्यातून माझाच आवाज आला, अगदी गळा काढून: “प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी जाईल. म्हणून कुणीच जात नाही!”

श्रेया बॅगेत डोकं घालून बसली. मी खिडकी लावली. म्हटलं, “तू एकटी जाऊन लढाई थांबणार आहे का?”

बंद खिडकीतून मी पुन्हा आले: “लढाई थांबवणं एकाच्या हातात नसेल. पण दार उघडणं असतं!”

मी पळी तशीच हातात घेऊन खाली गेले. हितेंद्रला म्हटलं, “मेल्या, आवाज कमी कर.” तो म्हणाला, “काय वहिनी, पब्लिकला तुमचाच आवाज आवडतो!” आणि प्रेमाने अजून मोठा केला. जिना चढताना मी काय करावं, हे कर्ण्यातून मीच मला सगळ्या चाळीपुढे सांगत होते. वर आले तर श्रेया उशीत तोंड खुपसून हसतेय. मग मलाही हसू आलं. इतकं, की उसळ खाली लागली.

हसता हसता कधी रडायला लागले, कळलं नाही.

म्हटलं, “श्रेया, मला भीती वाटते गं. थंडी, लग्न, नोकरी, महिनाभर सांगितली ती सगळी निमित्तं. मला नुसती भीती वाटते.”

ती म्हणाली, “आई, मला पण वाटते.”

दादा, या महिनाभरात तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंच कुठे होतं? मला वाटत होतं, ती शूर आहे म्हणून निघालीय आणि मी भित्री म्हणून अडवतेय. आम्ही दोघी सारख्याच निघालो. फक्त तिची बॅग भरून झाली होती. मग लागलेली उसळ दोघींनी वरवरची काढून खाल्ली. ती म्हणाली, “तिकडे ही पण मिळणार नाही,” आणि परत वाढून घेतली.

तेव्हा दादा, मागचं पत्र विसर. तू ये, नक्की ये, पण नको म्हणायला येऊ नकोस. तुझी भाची चाललीय, तिच्या डोक्यावर हात ठेवायला ये. वहिनीला सांग, कुळथाचं पीठ बारीक दळून दे, पोरगी पिठी करून खाईल. तिकडच्या माणसांनाही वाढेल, तिचा हात सढळ आहे. आणि तुझी ती जाड घोंगडी घेऊन ये. तिच्या बॅगेत मावत नसली तर मी बॅगेवर बसून मावेल अशी करीन.

ती गेली की आमच्या दोन खुर्च्यांतली एक तीन महिने रिकामी राहणार. मजल्यावरच्या बायका विचारतील, तुमची श्रेया दिसत नाही ती? पाठ झालंय मला आता काय सांगायचं. देखावा उतरवला तरी ती छडी मात्र मी घरी आणणार आहे.

तुझी, माईकशिवाय सगळ्या चाळीला ऐकू जाणारी, आणि विमानतळावर मात्र एक शब्दसुद्धा तोंडातून फुटणार नाही म्हणून तुला शेजारी उभा करून घेणारी,

सुभद्रा