भिंतीवरचा परका

वूच, ३ सप्टेंबर १९९६

ती. वालेंतीमामांस बोग्नाचा सा. न. वि. वि.

वाळवलेल्या अळंब्यांची माळ पोचली. खोलीभर वास सुटलाय. घरमालकीण दोनदा दार वाजवून गेली, शेवटी तिलाही मूठभर दिल्या.

काम मात्र अडलंय. खेड्यांतल्या भिंतींवरच्या जुन्या तसबिरींचं पुस्तक निघतंय, त्याचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. बाकीचे शब्द कसेबसे पार पडले, पण ‘मोनिद्वो’पाशी गाडी रुतली. मी ‘लग्नाचं रंगवलेलं छायाचित्र’ असं केलं, तर संपादक म्हणाले, हे पुरेसं नाही, ‘खोटं लग्नचित्र’ लिहा. मला ते लिहवत नाही. तुम्ही उभा जन्म हीच चित्रं रंगवलीत, तेव्हा तुम्हीच सांगा. सोबत पुस्तकातलं चित्रांचं एक छापील पान पाठवतेय.

मावशीची तब्येत कळवा. उत्तराची वाट पाहते.

तुमची बोग्ना

शेम्यातिचे, ९ सप्टेंबर

चि. बोग्ना हिस मामाचे अ. उ. आ.

इंग्रजांकडे शब्द नसेल तर त्यांचा दोष नाही. त्यांच्यात नवराबायको फोटोला बरोबर जात असतील, मग शब्द हवा कशाला? आपल्याकडे फेरीवाला दारात यायचा आणि दोघांच्या ओळखपत्रांचे फोटो घेऊन जायचा. शहरात ते मोठे करून शेजारी शेजारी जोडायचे. मग माझ्यासारखा कोणी नवऱ्याला कोट-टाय आणि बायकोला जाळीची ओढणी चढवायचा. मला एकच टाय बरा जमे, त्यामुळे आमच्या अख्ख्या पंचक्रोशीची लग्नं एका टायवर लागली आहेत. यात खोटं काय? लग्न खरं, माणसं खरी, कोट तेवढा रंगाऱ्याचा.

आता जरा टेकून बस. तुझ्या पानावर खाली डावीकडे, परक्या बाईशेजारी बसलाय तो आपला चेस्वाफ आहे. तुझ्या पेलागियामावशीचा नवरा. डावा कान सुपासारखा बाहेर आलाय. रंगाऱ्याने आळस केला आणि तो दाबला नाही, म्हणून ओळखला.

मावशीच्या भिंतीवरच्या ज्या माणसाला तू काका समजत आलीस, तो काका नव्हे. फेरीवाल्याने कुठेतरी फोटोंची अदलाबदल केली आणि पुन्हा इकडे फिरकला नाही. चेस्वाफ हसून म्हणाला, हा माझ्याहून देखणा आहे, राहू दे. त्याच हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फुटला आणि तो बुडाला. ओळखपत्र कायद्याप्रमाणे कचेरीत जमा झालं, फोटोसकट. घरात दुसरा फोटो नव्हता. ताई परवाच म्हणत होती, त्याचा आवाज आठवतो रे, पण चेहरा आठवायला जावं तर हा भिंतीवरचा परकाच पुढे येतो.

तिला अजून काही बोललो नाही. ते चित्र कुणाच्या घरी आहे ते शोध, आणि लवकर शोध. तिचे डोळे दिवसेंदिवस मंदावतायत.

तुझं कुठे जमत असेल तर ओळखपत्राचा फोटो धाड. टाय तयार आहे.

तुझा मामा

वूच, २० सप्टेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

सापडलं! संपादकांच्या यादीत पत्ता होता, द्रोहिचिनच्या ओतिल्याबाई. नवरा बोलेस्वाफ हयात आहे. फोनवर म्हणाल्या, हा सुपकान्या कुणाचा कोण, हे आम्हालाही कधी कळलं नाही. पण पैसे दिले होते, म्हणून टांगला. मावशीला घेऊन रविवारी जा, त्या वाट पाहतायत.

पुस्तकात ‘मोनिद्वो’ तसंच ठेवलं आणि खाली तुमचं वाक्य इंग्रजीत घातलं. पण या एका चित्राखाली ‘लग्न खरं’ कसं लिहू?

तुमची बोग्ना

शेम्यातिचे, ३० सप्टेंबर

चि. बोग्ना हिस अ. उ. आ.

लिही बिनधास्त. लग्नं दोन्ही खरीच होती, जोड्या चुकल्या एवढंच.

जाऊन आलो. ताईने आपलं चित्र चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने आरसा आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाली, नाही, दुसरीचा नवरा आहे, परत करायला चाललेय. त्याने तिकिटं दोघांचीच फाडली.

बोलेस्वाफराव दारातच उभे होते, पार पांढरे झालेले. ताईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, माझ्याकडे बरे टिकला होतात. त्यावर त्यांनी विचारलं, चुलीपासून लांब टांगलं होतंत ना?

ओतिल्याबाईंनी खसखशीचा केक कापला. ताई आतल्या खोलीत चेस्वाफच्या चित्रापाशी गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही तिघं केक खात बसलो. भूक कुणालाच नव्हती.

बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, किती पोरसवदा होता गं हा. ओतिल्याबाईंनी चित्र उतरवून तिच्या हाती दिलं आणि चादरीतलं आपण घेतलं. झालं असं, की दोन्ही नवरे घरी आले आणि बायका परगावी गेल्या.

काल ताईने त्याला पलंगाच्या वर टांगलं. मी म्हटलं, एक ब्रश अजून शाबूत आहे, हातही फारसा कापत नाही. ओतिल्याबाईंना खोडतो आणि तिथे तुला रंगवतो. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, खबरदार ब्रश लावलास तर! तिनं इतकी वर्षं माझ्या माणसावरची धूळ पुसली, आणि आता मी तिला घराबाहेर काढू?

लोभ आहेच, तो वाढताच राहो.

तुझा मामा वालेंती