पहिले तीन चाकू

प्रिय टकळी,

तुझं पत्र मिळालं. फोनवर पाऊण तास बडबडणारी मुलगी चार ओळींचं पत्र लिहिते, म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं. तुझ्या आतोबांनी तर ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि हिची नोकरी गेली की काय, असं विचारलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीत संकट दिसतं. बाकी मजेत आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या दुकानातली सगळी अवजारं आकाराप्रमाणे लावून ठेवली, तेव्हापासून मला एकही सापडत नाही.

तर तुला घडीच्या चाकूंचा संग्रह सुरू करायचा आहे. ऐकून बरं वाटलं. बत्तीस वर्षं मी लोकांचे चाकू दुरुस्त करते आहे, पात्यांच्या कमानी, म्हणजे आतल्या स्प्रिंगा, बदलते, मुठी बसवते, धार लावते. पण घरातल्या कुणाला त्यात कधी रस नव्हता. अपवाद तुझ्या बाबाचा. तो ऑफिस सुटलं की यायचा, समोरच्या स्टुलावर बसून माझं डोकं खायचा, आणि त्याने आता नऊ वर्षांत दुकानाची पायरी चढलेली नाही. कुणाच्या लग्नात भेटलाच, तर ‘बरी आहेस ना’ विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या माणसाकडे वळतो. मला धाकटा भाऊ एकच आहे. तो पुन्हा यावा, याहून मोठी इच्छा या वयात माझ्याकडे उरलेली नाही. तुला हे ठाऊक आहेच, तरी लिहून टाकलं.

आता चाकू. हावरटपणा करायचा नाही. वर्षभर तीनच. पहिला अगदी साधा, एका पात्याचा, लाकडी मुठीचा. तो फडताळात ठेवू नकोस, खिशात ठेव. त्याने पाकिटं फोड, दोऱ्या काप, पेन्सिलीला टोक काढ. घेताना पातं पूर्ण उघड आणि आडवं हलवून बघ. जरासं जरी डुगडुगलं, तर दुकानदार कितीही गोड बोलो, खाली ठेव. मिटताना आणि उघडताना शेवटी टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग मिटलेला चाकू उजेडाकडे धर. पातं मुठीच्या मधोमध बसलेलं हवं, एका अंगाला कललेलं नको. आणि नक्षीला भुलू नकोस. आमचे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी हौसेने अकरा चाकू जमवले, प्रत्येकाच्या मुठीवर पंख पसरलेला गरुड. एक दिवस सगळे माझ्यासमोर मांडले. मी डब्यातली नासपती काढून दिली आणि म्हटलं, कापा. अकराही गरुडांना मिळून एक नासपती कापता आली नाही. डॉक्टर अजून येतात, पण गरुडांचा विषय काढत नाहीत.

दुसरा घे तो पुष्कळ अवजारांचा. कात्री, करवत, पेचकस, बूच काढायचा स्क्रू, सगळं एकात. त्यातल्या तू दोनच गोष्टी वापरशील, पण कंटाळवाण्या मीटिंगमध्ये टेबलाखाली उघडझाप करायला त्याच्याइतकी करमणूक नाही. फक्त त्याची भोकं आणि फटी साफ ठेव आणि स्वयंपाकाचं तेल घालू नकोस. ते चिकट होतं आणि मग लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, आपोआपच अडकायला लागला हो.

तिसरा मात्र जुना घे, कुणीतरी वापरलेला, जुन्या साध्या पोलादाचा. अशा पात्यावर फळांच्या रसाने, हाताच्या घामाने हळूहळू डाग चढतात. आधी करडे, मग निळसर, मग जवळजवळ काळे. तांबडा गंज वेगळा, तो तेलाच्या चिंधीने पुसून काढावा. पण हे डाग तसेच राहू द्यायचे. तो चाकू कुणी, कसा वापरला, ते त्यातूनच कळतं. घासून चकचकीत केलेल्या जुन्या चाकूकडे जाणकार ढुंकूनही बघत नाहीत. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना बजावलं आहे. आणि हीच चूक माझ्या हातून झाली. ती तुला आजवर कुणी नीट सांगितली नसणार, तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस.

तुझी आई ऑफिसात नकाशे काढायची तेव्हा तिच्या टेबलावर एक छोटा चाकू असायचा. त्यानेच ती पेन्सिली तासायची आणि दुपारी त्यानेच सफरचंद कापायची. तिने दिलेल्या फोडीला शिशाचा वास यायचा, त्यावरून आम्ही तिची टर उडवायचो आणि तरी फोडी संपवायचो. ती गेल्यावर तीन महिन्यांनी तुझा बाबा तो चाकू घेऊन आला. पातं मिटून राहत नव्हतं. म्हणाला, ‘ताई, कमान तेवढी बघ.’ कमान मी अर्ध्या तासात बदलली. मग त्या काळवंडलेल्या पात्याकडे माझं लक्ष गेलं. वाटलं, बिचारा किती खचलाय, त्याच्या हातात काहीतरी छान द्यावं. सबंध दुपार बसून मी ते घासलं. आपल्यावरच खूश झाले होते मी, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी त्याने पातं उघडलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, ‘हा कुणाचा चाकू दिलास मला?’ आणि टकळे, मी हसले. मला वाटलं, कौतुक करतोय. वर म्हणाले, ‘ओळखूच येत नाही ना?’ त्याने चाकू मिटला, खिशात घातला आणि गेला.

तेव्हाच मागे धावायला हवं होतं. पण मी पडले कारागीर, कामाला कुणी नावं ठेवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आतोबा म्हणायचे, जाऊन ये एकदा. मी म्हणायची, काम चोख झालं होतं, माझं काय चुकलं? असं म्हणत म्हणत नऊ वर्षं गेली. तो येत नाही म्हणून मी रागावले, मी जात नाही म्हणून तो.

आता तुझा शेवटचा प्रश्न. डाव्या हाताने उघडायला सोपा असा चाकू कुठला, असं तू विचारलं आहेस. पात्यावर नखाने ओढायला एक खाच असते, ती उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीने एकाच बाजूला पाडतात. डावखुऱ्याला मनगट वाकडं करावं लागतं. पण हे ज्याचं मनगट वाकतं त्यालाच कळतं गं. तुला अक्षरं गिरवायला मीच बसवत होते, पेन्सिल तू आपणहून उजव्या हातात धरायचीस. आपल्या घरात डावखुरा एकच आहे. संग्रह तुला करायचा नाहीये, वेडे, आणि हे प्रश्नही तुझे नाहीत. हे लक्षात आलं आणि मी काउंटरवरच रडायला लागले. समोर उभ्या असलेल्या बाई आपली कात्री न घेताच निघाल्या होत्या, आतोबांनी त्यांना परत बोलावलं.

म्हणून हे पत्र वाचून झालं की बाबाच्या हातात दे. इथून पुढचं त्याला लिहिते आहे. धाकट्या, तुझ्या बायकोच्या हातच्या खुणा मी एका दुपारात पुसून टाकल्या. तू फक्त कमान सांगितली होतीस. काम चोख होतं, पण ते करायचंच नव्हतं, आणि ते पातं पुन्हा तसं करणं मला काय, कुठल्याच कारागिराला जमणार नाही. तुला संग्रह सुरू करायचाय, याचा मला फार आनंद झालाय. दोन्ही बाजूंना खाच असलेले तीन चाकू मी बाजूला काढलेत, पण कुठला जमतो ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. रविवारी दुकान बंद असतं, मी आत असेन. माझं चुकलं, हे कागदावर लिहिणं सोपं गेलं. मला ते तुझ्याकडे बघून म्हणायचं आहे, म्हणून ये.

तुझीच आत्या,
आणि त्याची ताई