सलग किती वेळ बसू शकता?

४ मार्च

पुन्हा नामंजूर! ‘अर्जदार बसून करण्याजोगे काम करू शकतो.’ तपासणीच्या डॉक्टरांनी मला पाहिलं जेमतेम पाच मिनिटं, तेही उभ्याउभ्या. लिफ्ट दुरुस्त करताना शाफ्टमध्ये पडलो त्याला दोन वर्षं होत आली. अपंगत्वाचा भत्ता मागतोय, तर जणू मीच चोर.

बायको म्हणाली, “अपील करा.” आणि भांडी घासायला लागली.

११ मार्च

अपिलाचा फॉर्म. चौदा पानं! ‘सलग किती वेळ बसू शकता?’ लिहिलं – वीस मिनिटं. त्यानंतर पाय माझे राहत नाहीत, हे लिहायला जागाच नव्हती.

२ एप्रिल

पाठ. दुसरं काही नाही.

१९ एप्रिल

सुनावणीची तारीख आली. युनियनचे काका म्हणाले, “दाढी करू नकोस. चुरगळलेला शर्ट घाल. बिचारा दिसायला हवास.” बायकोने मात्र शर्टाला कडक इस्त्री केली. “भीक मागायला चाललाय का?” दाढी केली.

६ मे

झाली एकदाची.

बाहेर तासभर भिंतीला टेकून उभा. आत तिघं – अध्यक्षबाई, एक डॉक्टर, एक लिहून घेणारा. बाई सभ्य होत्या. अंघोळ कशी करता? मोजे कोण घालतं? बायको शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. मोज्यांपाशी मी नुसतं तिच्याकडे बोट केलं.

मग डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “फॉर्मवर वीस मिनिटं लिहिलंय. तुम्ही चाळीस मिनिटं बसलाय. हललासुद्धा नाहीत.”

उठू का, असं विचारायची लाज वाटली होती – आणि वीस मिनिटांनंतर पायच गेल्यावर विचारून उपयोग नव्हता.

बायको म्हणाली, “बसलेत, कारण त्यांना उठता येत नाहीये.”

“बरं. उठून दाखवा.”

टेबलाची कड धरली. जोर केला. गुडघे होतेच कुठे! कपाळ टेबलावर आपटलं. “अहो, धरा त्यांना!” – अध्यक्षबाई. दारातल्या शिपायाने आणि लिहिणाऱ्याने बगलेत हात घालून मला उचललं, सतरंजीवर आडवं केलं. डॉक्टरांनी वाकून पायाला टाचणी टोचली. टोचली, हे मला कळलं ते बायकोच्या चेहऱ्यावरून. पांढरीफटक पडली होती.



७ मे

दिवसभर झोपून. कपाळाला टेंगूळ.

२८ मे

मंजूर! बायकोने पत्र दोनदा वाचून दाखवलं. मला हसू येईना. दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो, मी मोडलोय. आता कागदही म्हणतोय, हो, मोडलाय. यात पेढे काय वाटायचे?

युनियनच्या काकांना फोन केला. “बघ, दाढी केलीस तरी मिळालं!” म्हणाले.

२९ मे

सकाळी भाजी निवडता निवडता बायको मान खाली घालून म्हणाली, “त्या दिवशी मी खोटं बोलले होते.”

कसलं खोटं?

“उठता येत नाही, ते. मला वाटायचं, येतं तुम्हाला. पण आपल्या माणसाला परक्यांसमोर उघडं कसं पाडायचं?”

कधीपासून वाटायचं, विचारलं.

“पहिल्यापासून.”