सहाच्या सेटला बाराची बॅटरी

१२ जाने. १९७२
ग्रा.पं.च्या रेडिओची बॅटरी उतरली. बाबूराव साळवे सकाळच्या एस.टी.ने श्रीगोंद्याला चार्जिंगला घेऊन गेला. गावचाच माणूस, दुकान तिथे. परवा आणतो म्हणाला. सेट शाळेत, माझ्या ताब्यात. संध्याकाळी बाजारभाव ऐकायला आलेली माणसं तशीच परत गेली. जिवाला लागलं.

१३ जाने.
गाढवपणा केला. दादा कारखान्यावर गेलेला, ट्रॅक्टर घरी उभा. शाळा सुटल्यावर त्याची बॅटरी काढून सेटला जोडली. आमच्या बॅटरीवर ६ व्होल्ट, हिच्यावर १२. म्हटलं, दुप्पट वेळ चालेल. आणि हा शहाणा सातवीला विज्ञान शिकवतो. आवाज एकदम मोठा आला, मग करपल्याचा वास, मग काहीच नाही. बॅटरी परत जागेवर. कुणी पाहिलं नाही. घरी बायकोलाही बोललो नाही.

१४ जाने. संक्रांत
साळवे बॅटरी घेऊन आला. मी ती त्यालाच जोडायला लावली, सगळ्यांच्या देखत. तेव्हाच ठरवलं होतं की काय मी? सेट मुका.
सरपंच म्हणाले, "बाबू, लई चार्ज केली काय रं? जाळलास की सेट."
"न्हाई आण्णा. दर टायमासारखीच केली."
त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिळगूळ वाटत होतो. त्यालाही दिला, गोड बोला म्हणालो. लाज वाटते लिहायला.

१७ जाने.
पंचायतीत ठरलं, यापुढे साळवेकडे बॅटरी द्यायची नाही. ते बघून गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनीही हात आखडला. दादाही त्यातच. जेवताना म्हणाला, "त्याच्या हाताचा भरवसा न्हाई राह्यला." मी मान हलवली. मान हलवायची काय गरज होती?

२१ जाने.
सेट दुरुस्तीला श्रीगोंद्याला. रेडिओवाल्याने उघडून दाखवलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह सगळे गेलेले. "दुप्पट व्होल्टेज दिलं कुणीतरी."
तिथून साळवेच्या दुकानात. सांगायचंच म्हणून गेलो होतो. तोंडातून भलतंच निघालं: शाळेत शिकवायचंय, व्होल्ट आणि अँपिअर-तास जरा समजावून सांग.
तो हातातलं काम सोडून बसला. "गुरुजी, व्होल्ट म्हंजी टाकी किती उंचावर हाय. पानी तेवढ्या जोरानं येतं. अँपिअर-तास म्हंजी टाकीत पानी किती. जास्त वेळ पायजे तर टाकी मोठी घ्यायची. वर चढवायची न्हाई."
मग उठता उठता, "सहाची बॅटरी किती बी चार्ज करा, तिची बारा व्हत न्हाई."
चहा पाजला. दुकानात चार्जिंगला एकच बॅटरी होती, एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्याला कळलंय. नक्की कळलंय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "येतो" म्हणून उठलो.

२५ जाने.
सातवीला तोच धडा घेतला. फळ्यावर दोन टाक्या काढल्या, एक उंचावर, एक मोठी. वाटलं, एवढं तरी करावं. कशाचं काय, चोराने कीर्तन करावं तसं.
सुमनने हात वर केला. साळवेची थोरली.
"गुरुजी, मग आमच्या आप्पांनी चार्ज केलेल्या बॅटरीनं सेट कसा काय जळला?"
पोरं माझ्याकडे बघायला लागली. उद्या सांगतो म्हणालो. ती "बरं" म्हणून खाली बसली, वहीत काहीतरी लिहून ठेवलं.
उद्या झेंडावंदन. सगळं गाव मैदानात असेल. सरपंच, दादा, साळवेही. भाषण दरवर्षी माझंच असतं.
मघापासून लिहायला बसलोय. "बंधूंनो आणि भगिनींनो" इतकंच झालंय. पुढची ओळ कोणती ते मला ठाऊक आहे.