आजारी दिसायची प्रॅक्टिस

३ फेब्रुवारी, सोमवार
बोर्डाचं पत्र आलं. १३ तारखेला छावणीत पुन्हा मेडिकल. पाच वर्षांपूर्वी एका डॉक्टरानं माझ्या कागदावर पीटीएसडी लिहून टाकलं. म्हणजे फौज सुटली तरी माझ्या डोक्यात बंदुका चालूच आहेत म्हणे. त्याच्यावर पेन्शनचा वेगळा हिस्सा मिळतो, गोळ्या मिळतात. आता बोर्ड बघणार, आजार आहे का गेला. गेला तर सगळं बंद.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. मला काहीही झालेलं नाही. बावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला काय होणार? असले आजार नाजूक लोकांना होतात. पण डॉक्टरांना नाटकच पाहिजे असेल तर करू. दहा दिवस लई झाले.

४ फेब्रुवारी
सुदर्शनला भेटलो. माझ्याच पलटणीचा. आता चहाच्या टपरीवर बसून माजी सैनिकांना फुकट सल्ले वाटतो. रिटायर झाला नायक म्हणून, रुबाब ब्रिगेडियरचा. त्याचं म्हणणं, दाढी करून जाऊ नको, बूट चमकवू नको आणि मेला तरी 'ठीक आहे' म्हणू नको. आपल्या लोकांना हीच खोड नडते. दरबार भरला की सीओ साहेब विचारायचे, कोई तकलीफ? तंबूत गुडघाभर पाणी असलं तरी सगळी पलटण एका आवाजात, नहीं साहब.

मला शिकवतो! मी हवालदार होतो. एवढं मला कळत नाही का?

६ फेब्रुवारी, सकाळी ७
प्रॅक्टिस सुरू. आयटम पहिला: दचकणे. आरशासमोर वीस वेळा दचकलो. एकदाही खरं वाटेना.

सकाळी ११
शेजारच्या श्रीधररावांच्या स्कूटरचं टायर फुटलं. जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, टायरात हवा किती भरावी ते कळत नाही. मी तेव्हा पलंगाखाली गेलो होतो, चपला शोधायला. चपला पायातच आहेत हे लक्षात यायला अर्धा तास गेला.

७ फेब्रुवारी
आयटम दुसरा: चिडचिड. हे अवघड, माझा स्वभाव मुळात शांत. जेवताना बायकोला, सरिताला, तेच समजावत होतो. बोलता बोलता ताट बाजूला ठेवलं. जरा लांब ठेवलं गेलं, अंगणात. वरण भिंतीवर. ती फडकं घेऊन पुसत बसली. या बाईला चर्चा करता येत नाही.

८ फेब्रुवारी
सरितानं विचारलं, वाळूजची नोकरी का गेली ते डॉक्टरला सांगणार का. गेली नाही, मी सोडली. सिक्युरिटी सुपरवायझर होतो. कंपनीतला कॉम्प्रेसर मधूनच फाडकन हवा सोडायचा. तिसऱ्या वेळी मी सकाळची अख्खी शिफ्ट जमिनीवर पालथी झोपवली, मॅनेजरसकट. एकालाही खरचटलं नाही. कौतुक राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास काढून घेतला. सिव्हिलियन साले. यांना शिस्त म्हणजे काय माहीत?

९ फेब्रुवारी
आयटम तिसरा: झोप न लागणे. रद्द. मला उत्तम झोप लागते. चार वेळा उठतो ते कड्या तपासायला. ती ड्यूटी आहे.

१० फेब्रुवारी
सरितानं डॉक्टरसाठी चार पानं लिहिलीत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचून डोकं फिरलं. म्हणे मी झोपेत तिचं मनगट आवळून ओरडायचो, कडूबा, खाली वाक. म्हणे दोन वर्षं ती माझ्या भीतीनं दुसऱ्या खोलीत आतून कडी लावून पडते, पण डोळा लागत नाही. साफ खोटं. ती पंख्यासाठी तिकडं झोपते, मला तिनंच तसं सांगितलंय. आणि कडूबाचं नाव मी तो गेला त्या दिवसापासून घेतलेलं नाही. पोस्टवर तो माझ्या शेजारी उभा होता, एवढंच. विषय संपला.

ही बाई सीरियल बघून लिहिते.

११ फेब्रुवारी
सरिता म्हणाली, पेन्शन राहो नाहीतर जावो, डॉक्टरसमोर एकदा खरं सांगा, इलाज तरी नीट होईल. नाहीतर मी करमाडला मोनिकाकडं, लेकीकडं, निघून जाते. माझ्यानं आता होत नाही.

नुसती धमकी. पंचवीस वर्षांत कधी गेली का? पण पानं देईन म्हणालो. घरात शांतता पाहिजे.

१२ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. दाढी नाही, चुरगळलेला शर्ट, नजर खाली, आवाज बारीक. सगळं पाठ. बोर्डाला उद्या घाम फुटणार.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६
दाढी केली. छावणीत खुंट घेऊन जाणं शोभत नाही. मग शर्टाला इस्त्री केली, कारण दाढी केल्यावर चुरगळलेला शर्ट विचित्र दिसतो. मग बूट. मेडल लावली नाहीत. तेवढं पुरे.

दुपारी ४
बाकड्यावर शेजारी एक जण हात थरथरवत बसला होता. ओव्हरॲक्टिंग. सरिताला तिथंच बसवून आत गेलो. डॉक्टर म्हणजे एक मेजर बाई, वयानं पोरगीच. कडक सावधान उभा राहिलो. तिनं बसायला सांगितलं आणि शांतपणे विचारलं, हवालदार साहब, कोई तकलीफ?

नहीं साहब. निघूनच गेलं तोंडातून.

झोप? बढ़िया, साहब. राग? बिलकुल नहीं, साहब. तिनं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. म्हणाली, घाई नाही, काही होत असेल तर आरामात सांगा. मी छाती आणखी पुढं काढली. खिशात कसले कागद आहेत, विचारलं. म्हटलं, घरवाली की चिट्ठी है साहब, ऐसे ही.

बाहेर आलो ते जिंकल्यासारखा. सरितानं माझ्या खिशातून पानं काढली, घडी तशीच आहे हे बघितलं आणि पर्समध्ये टाकली. गेटवरूनच करमाडच्या रिक्षात बसली.

१५ फेब्रुवारी
येईल. दोन दिवसांत येईल. तोपर्यंत भात मला येतो.

२४ फेब्रुवारी
भात येत नाही. तांदूळच रद्दी आहे.

२१ मार्च, दुपारी २
बोर्डाचा निकाल आला. आजार बरा झाला, अपंगत्वाचा पर्सेंट शून्य. सही, शिक्का, सगळं आहे. मी बरोबर होतो, सरकारनं लेखी दिलं. सरिताला ऐकवायला लगेच फोन लावला. मोनिकानं उचलला. म्हणाली, बाबा, आई झोपलीय. आल्यापासून लई झोपते, दुपारची पण. उठवू का?

मला एकट्याला या घरात भीती वाटते, हे सांगायचं होतं. म्हटलं, नको, झोपू दे.