सुगंधाच्या खानावळीतला गोंगाट

कुणकेश्वर
ऑगस्ट २००७

प्रिय सुगंधा,

तुझ्या लेकाला, नितेशला, त्याच्या पंक बँडसाठी जागा हवी होती, तर तू खानावळीतली टेबलं भिंतीला लावून मोकळी झालीस. दर रविवारी दुपारी पोरं गिटार बडवत मालवणीत ओरडायची आणि तू हसत सगळ्यांना सोलकढी द्यायचीस. मला मात्र देवळात लोक विचारायचे, "तुझी भैण ह्या काय चलवता रे?"

पोलिसांकडे तो निनावी अर्ज मीच दिला गो. त्यांनी गिटारी उचलल्या, तुला दिवसभर बसवून ठेवलं. घरी येऊन तू विचारलंस, "दादा, तक्रार कोणी केल्यान?" मी शेजारच्या बाबूचं नाव घेतलं. कुंपणाशी उभा राहून ठेका धरणाऱ्या बाबूचं! त्याच्याशी एक शब्द न बोलता तू नितेशला घेऊन गोव्याला गेलीस.

काल बाबू माझ्या दारात आला. म्हणाला, "सुगंधाक फोन केलंय, तर तिना ठेवल्यान. माझा काय चुकला, तुका ठावक आसा?"

"नाय रे," मी म्हटलं.

पाकिटावर तुझा पत्ता घालायला हात धजत नाही.

तुझा,
दादा